डावरी पलटण

शारजातल्या आमच्या घरात शुक्रवार कोळंबीच्या वासाने उजाडायचा. बाबा पहाटेच मासळी बाजारात जाऊन यायचे, आणि मी डोळे चोळत बाहेर येईपर्यंत आई ओट्यापाशी उभी राहून कोळंबी सोलत असायची. "चाळीस दिरहम," ती कोळंबीलाच सांगितल्यासारखी म्हणायची, "म्हणजे सहाशे रुपये झाले. सहाशे!" बारा वर्षं तिथे राहून तिचा हा गुणाकार काही सुटला नाही. एसीची घरघर चोवीस तास चालायची. ती बंद पडली की घरात कोणीतरी वारल्यासारखं वाटायचं. शेजारच्या मल्याळी काकूंचा कुकर, खालच्या मशिदीतली बांग, माझ्या धाकट्या भावाचा टॅब, आणि या सगळ्यावरून बाबांची हाक : "मनू, येतेस ना? यल्ला, आवर." भाऊ खोलीतूनच ओरडायचा, "बाबा, आय अ‍ॅम नॉट कमिंग." त्याला कोणी बोलावलेलंच नसायचं. मीही तेव्हा इंग्रजीतच उत्तर द्यायचे. पंधराव्या वर्षी माझं मराठी आमटीपासून अंथरुणापर्यंतच होतं. त्यापुढचं मराठी मी कुठे शिकले ते या प्रकरणात येईल.

आता मी एकोणतीस वर्षांची आहे. आत्मचरित्र लिहायचं हे वय नाही, असं मला चारपाच जणांनी सांगितलंय. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते म्हातारे होत चाललेत, आणि त्यांनी हे जिवंतपणी वाचावं असं मला वाटतं. बाबा वाचतील. वाचू देत.

बाबा हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होते. काचेचे तंतू घातलेलं सिमेंट साच्यात ओतून तिथे घुमट, कमानी, कंगोरे, खांब असं काहीही बनायचं. ज्याला जो काळ हवा तो काळ. एका शेडमध्ये मोरोक्को वाळत असायचं, दुसऱ्या शेडमध्ये फ्रान्स. मी दहावीत गेले त्या वर्षी तिथे रोम आलं. अबुधाबीत एक नवीन वसाहत होत होती; तिच्या मधल्या चौकात मालकाला रोममधल्या एका विजयस्तंभाची लहान प्रतिकृती हवी होती. मूळचा स्तंभ संगमरवरी आहे, आणि त्याच्याभोवती खालपासून वरपर्यंत कोरीव चित्रांची एकच लांब पट्टी गुंडाळत गेली आहे. एका सम्राटाने डॅन्यूब नदीपलीकडचा देश दोन युद्धांत जिंकला, त्याची गोष्ट. सम्राटाचं नाव मी इथे देत नाही. त्याचं नाव दगडात आहे, तेवढं पुरे. आमच्या स्तंभाला सातच वेढे होते, उंची पन्नास फूट, आणि टोकावर सम्राटाच्या पुतळ्याऐवजी मोठा गोल दिवा बसायचा होता.

कमानी नि खांब मशीन कापायचं. पण शेकडो माणसं, घोडे, होड्या, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, हे काम हाताचं होतं. त्यासाठी कंपनीने पेणहून पाच मूर्तिकार आणले. गणपती घडवणारे. त्यांच्यात मोठे होते ते म्हात्रेकाका. पन्नाशीचे, बुटके, हातांची बोटं मात्र लांबलचक, दुसऱ्या कोणाचीतरी उसनी आणल्यासारखी. बाबा त्यांना "म्हात्रे" म्हणायचे, ते बाबांना "साहेब". मला पहिल्या दिवसापासून "बाय". मला वाटलं ते मला निरोप देतायत. मी हात हलवून "बाय" म्हणाले. पाचही जण हसले. त्यांच्याकडे मुलीला बाय म्हणतात हे मला आईने घरी आल्यावर सांगितलं.

मला बाबा तिथे न्यायचे ते एका कामासाठी. सल्लागार कंपनीने प्रत्येक दृश्याबरोबर इंग्रजीत टिपणं पाठवली होती : इथे सैनिक काय करतोय, हे हत्यार कसलं, या माणसाचा चेहरा रागीट की थकलेला. म्हात्रेकाकांना इंग्रजी येत नव्हतं आणि हिंदीही कामापुरतंच. बाबांना वेळ नव्हता. तेव्हा दर शुक्रवारी, शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, मी एका पालथ्या ड्रमवर बसून टिपणं वाचायचे आणि मोडक्या मराठीत सांगायचे. ते मातीत बोटं चालवत ऐकायचे. माती शाडूची नव्हती, बाहेरून आलेली तेलकट होती. "ही मरत पण नाय नि वाळत पण नाय," ते म्हणायचे, "हिच्याशी कसं वागायचं कळत नाय." काम असं चालायचं : दृश्याची पूर्ण आकाराची छपाई ऑफिसातून ट्रेसिंग पेपरवर यायची, तिच्या ओळींवर टाचणीने भोकं पाडायची, कागद मातीच्या फळीवर लावायचा, आणि कोळशाच्या पुडीची पोटली वरून आपटत न्यायची. कागद काढला की मातीवर ठिपक्यांची फौज उभी. मग त्यात जीव भरायचा. माती तयार झाली की तिच्यावर रबर ओतून साचा, आणि साच्यात सिमेंट.

पहिल्या पट्टीत नदीकाठचे टेहळणी मनोरे होते, लाकडाच्या नि गवताच्या गंजी, माल भरलेल्या होड्या. मी म्हणाले, "सोल्जर्स ब्रिजवरून जातायत. बोट्सचा ब्रिज."

"होड्यांचा पूल," काकांनी दुरुस्त केलं. "आणि हा पाण्यातनं वर आलाय तो कोण? बुडतोय का?"

मी टिपण वाचलं. "तो रिव्हर आहे. नदी. नदीचा गॉड."

काकांचे हात थांबले. "नदी बाप्या? दाढीवाला?" त्यांनी मागे वळून बाकीच्या चौघांना हाक मारली. "ए, या रे इकडं. यांच्यात नदीला दाढी असते." दिवसभर त्यांची तीच थट्टा चालली. कोणीतरी विचारलं, तिची ओटी भरतात का मग दाढी धरून?

तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, "हा कोण गं बाय? सारखा येतो. प्रत्येक फळीवर आहे. काय करत नाय, नुसता उभा राहून हात दाखवतो."

"सम्राट."

"म्हणजे मुकादम," काका म्हणाले.

दुपारी आम्ही शेडच्या सावलीच्या बाजूला बसून जेवायचो. काका कामगारांच्या कॅम्पवरून तांदळाच्या भाकरी आणायचे, मल्याळी दुकानातल्या पिठाच्या, कडेला चिरलेल्या. "पीठ चांगलं नाय, हात चांगला आहे," असं ते दर वेळी सांगायचे. माझ्या डब्यातली कोळंबी पाच जणांत आणि माझ्यात वाटली जायची, आणि सुका जवळा मात्र फक्त मला, कारण गावाहून आलेला संपत चालला होता. जेवताना ते मला शब्द द्यायचे. शिडीला शिडी, कुऱ्हाडीला कुऱ्हाड, पण कुऱ्हाडीच्या दांड्याला वेगळा शब्द, पात्याला वेगळा, आणि लाकडात ती रुतते त्याला आणखी वेगळा. मी आज ज्या भाषेत भाषणं करते ती भाषा मला सिमेंटच्या धुळीत, रोमन फौजेच्या निमित्ताने मिळाली. याचं मला कौतुक वगैरे नाही. तसं झालं, एवढंच.

त्या स्तंभाबद्दल आज मला विचाराल तर सांगेन की ते एक पत्रक आहे. मी गेली सात वर्षं पत्रकं लिहिते, आखातात जाणाऱ्या मजुरांसाठी, त्यामुळे मला पत्रकाची जात ओळखता येते. सम्राट प्रत्येक वळणावर दिसला पाहिजे, शत्रू शूर पण हरणारा असला पाहिजे, आणि शेवट आधीच ठरलेला असला पाहिजे. फरक एवढाच की लढाई त्यात कमी आहे. बघाल तिथे सैनिक झाडं तोडतायत, दगड वाहतायत, खंदक खणतायत, रस्ता बांधतायत. ज्याने तो बनवून घेतला त्याला स्वतःची शेखी मिरवायची होती, आणि मिरवताना त्याला मजुरांनाच दाखवावं लागलं. ते ज्यांनी कोरलं त्यांच्यापैकी एकाचंही नाव कोणाला माहीत नाही. पण हे सगळं आजचं शहाणपण. तेव्हा मला फक्त घोडे आवडायचे.

चौथ्या वेढ्याचं काम चाललं होतं तेव्हा काकांनी एका शुक्रवारी मला फळीपासून चार पावलं मागे नेलं. "इथनं बघ. काय दिसतं?"

"सोल्जर्स."

"ढाल कुठल्या हातात?"

मी बघितलं. उजव्या. सगळ्यांच्याच.

"एक माणूस डावरा असतो," काका म्हणाले. "दोन असतात. पलटणच्या पलटण डावरी? आमच्याकडं उजव्या सोंडेचा गणपती सांगून करतात. सोवळं कडक असतं त्याचं. चुकून सोंड दुसरीकडं गेली तर गिऱ्हाईक दारात पाय ठेवू देत नाय. आयुष्यभर तेच बघतोय मी, कुठली बाजू. पहिल्या पट्ट्यांत होड्या नि गवत होतं, कळलं नाय. आता कळलं. छापच उलटा आलाय. कागदाच्या कोपऱ्यात नंबर टाकलाय ना, तो सुलटा दिसेल असाच लावलाय मी. तू साहेबांना सांग. मी सांगितलं तर उलट बोलल्यासारखं होईल."

दुसऱ्या दिवशी मी भावाच्या टॅबवर मूळ स्तंभाचे फोटो शोधले. काका खरं बोलत होते. सगळ्या ढाली डाव्या हातात होत्या, आणि पट्टी डावीकडून उजवीकडे वर चढत होती. आमची उजवीकडून डावीकडे चढत होती. चूक कशी झाली हे कळायला मला पाच मिनिटं लागली, कारण बाबांचं काम मी लहानपणापासून बघत होते. त्यांच्याकडची आधीची कामं मशीन थेट साच्यातच कोरायचं. साचा उलटा हवा, म्हणून मशीनला चित्र देताना बाबा ते नेहमी आरशातल्यासारखं फिरवायचे. कॉम्प्युटरवर एक बटण असतं. या वेळी मशीन नव्हतं, माणसं होती, आणि ती सरळ मूर्तीच घडवत होती. साचा नंतर तिच्यावरून निघणार होता. फिरवायची गरज नव्हती. बाबांनी सवयीने बटण दाबलं होतं.

रात्रीच्या जेवणाला मी त्यांना सांगितलं. फोटो दाखवला. त्यांनी टॅब हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, परत लहान केलं, आणि ताटाशेजारी पालथा ठेवला. आई वाढायची थांबली.

"कोणी सांगितलं?"

"म्हात्रेकाकांनी."

"आणखी कोणाला बोलला तो?"

"नाही."

बाबांनी वरणभात कालवला. मग म्हणाले, "तीन वेढ्यांचे साचे झालेत. सिमेंट ओतून झालंय. आता मी वर जाऊन सांगू, की सगळं फोडा? तारीख गेली तर मी गेलो. पुढच्या महिन्यात व्हिसा रिन्यू व्हायचाय, माझा म्हणजे तुम्हा तिघांचा. तुझी बोर्डाची परीक्षा आहे." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "पन्नास फुटांवर कोण बघतंय, ढाल कुठल्या हातात आहे ते? चालू दे."

"पण काका..."

"त्याला सांग, साहेब म्हणाले चालू ठेवा."

मी पुढच्या शुक्रवारी तसंच सांगितलं. काकांनी विचारलं, "नक्की सांगितलंस ना, छाप उलटा आहे म्हणून?" मी हो म्हटलं. "बरं," ते म्हणाले. "साहेबांचा कारखाना." आणि त्यांनी पुढचा डावरा सैनिक मन लावून केला. हे मला आजही नीट समजत नाही. चुकीची आहे हे माहीत असलेली गोष्ट इतकी सुंदर कशी करता येते? शेवटच्या वेढ्यात शत्रूचा राजा झाडाखाली गुडघ्यावर बसून स्वतःच्या गळ्याला सुरी लावतो. त्याच्या चेहऱ्यावर काका तीन दिवस बसले होते.

सल्लागाराचा माणूस एका शनिवारी तपासणीला आला. शाळेला सुट्टी होती, कारखान्याला नव्हती; शेवटची टिपणं वाचायला मीही गेले होते. माणूस लेबनॉनचा, साठीचा, शांत. प्रत्येक तुकड्यासमोर हात मागे बांधून थांबायचा, मान डोलवायचा. बाबा त्याच्या अर्धं पाऊल मागे. मधल्या वेढ्यात एक पंखवाली देवी ढालीवर विजयाचा मजकूर लिहिते. तिच्यासमोर तो थांबला तो हललाच नाही. मग त्याने आपला उजवा हात उचलून हवेत लिहून बघितलं. मग डावा.

"मिस्टर," तो बाबांना म्हणाला, "ही डाव्या हाताने लिहितेय."

बाबा काही बोलायच्या आत तो मागे जाऊन पहिल्यापासून सगळे तुकडे बघून आला. या वेळी मान डोलवली नाही. परत आल्यावर त्याने विचारलं, हे कसं झालं? बाबा म्हणाले, "ट्रेसिंग पेपर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मोल्डरने कागद उलटा लावला असणार." इतकं सहज, की क्षणभर मलाही तसंच झालं असेल असं वाटलं.

"कोण मोल्डर?"

म्हात्रेकाकांना बोलावलं. ते हात पुसत आले. त्या माणसाने इंग्रजीत विचारलं. काका माझ्याकडे बघायला लागले. बाबा भाषांतर करायला पुढे झाले, तसा तो म्हणाला, "तुम्ही नको. ही मुलगी सांगेल. टिपणं हीच वाचते ना?"

तो माणूस न्यायाने वागत होता. हे लिहिलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात न्यायाने वागणारा तेवढा एकच होता, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

मी काकांना विचारलं. ते घाई न करता, माझ्या मराठीला झेपेल अशा तुकड्यांत बोलले. "त्यांना सांग बाय. कागद ऑफिसातनं आला तसाच लावला. छापच उलटा होता. चौथ्या पट्टीला मला कळलं. मी तुला सांगितलं. तू साहेबांना सांगितलंस. साहेब म्हणाले चालू ठेवा. तेवढंच सांग. जास्त काय नको."

मला प्रत्येक शब्द कळला. तोपर्यंत माझं मराठी चांगलं झालं होतं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते; ते देवीच्या पंखांकडे बघत होते. मी इंग्रजीत म्हणाले : तो म्हणतो, कागद त्याने लावला. त्याला वाटलं, बरोबर आहे. तो सॉरी म्हणतोय.

त्या माणसाने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "इतकं बोलला तो, आणि एवढंच?"

"येस," मी म्हणाले.

काकांना इंग्रजी येत नव्हतं. पण सॉरी हा शब्द कॅम्पातल्या प्रत्येकाला येतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, कुठली बाजू आहे ते तपासताना बघायचे तसं. मग मान खाली घालून बोटांतली माती काढत उभे राहिले.

पुढचं सांगताना माझा आवाज चढतो, म्हणून मोजकं सांगते. मालकाच्या ऑफिसातून दोन दिवसांत निरोप आला की स्तंभ आहे तसाच बसवा, तारीख महत्त्वाची. म्हणे इकडे लोक अरबी उजवीकडूनच वाचतात, उलट बरंच आहे. हा विनोद कारखान्यात आठवडाभर फिरला, बाबाही हसले. काही फोडावं लागलं नाही. कोणाचं काही बिघडलं नाही. पण तपासणीच्या अहवालात एक रकाना होता, जबाबदार व्यक्ती. तो रिकामा सोडता येत नव्हता. त्यात म्हात्रेकाकांचं नाव गेलं, आणि कंत्राट वर्षभर बाकी असताना त्यांना परत पाठवलं. व्हिसा खलास. जी चूक झालीच नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं, तिच्यासाठी एक माणूस मात्र लागला. बाबांचा व्हिसा रिन्यू झाला. मला बोर्डात शहाण्णव टक्के मिळाले.

आईने एकदाच विचारलं, "तू नेमकं काय म्हणालीस तिथे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "पंधरा वर्षांच्या मुलीला मध्ये घालायला नको होतं." यात कर्ता कोण आहे ते तिने सांगितलं नाही. आमच्या घरात अशी वाक्यं पुष्कळ होती. कोळंबी त्यानंतरही दर शुक्रवारी यायची.

मी भारतात शिकायला आले, मग या कामात पडले. लोक विचारतात, तुला या प्रश्नाची तळमळ कशी लागली? मी जबल अलीच्या कॅम्पांबद्दल बोलते, काढून घेतलेल्या पासपोर्टबद्दल बोलते. सगळं खरं असतं. पत्रकात मी 'कंपनी' लिहिते, 'व्यवस्था' लिहिते, 'साखळी' लिहिते. हे शब्द फार सोयीचे आहेत. साखळीची एक कडी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती, हे कुठल्याच पत्रकात आलं नाही.

गेल्या वर्षी पेण तालुक्यात आमची सभा होती. सभेनंतर एकाने सांगितलं की म्हात्रे अजून आहेत, एका कारखान्यात कामाला आहेत. मी गेले. पत्र्याची लांब शेड, ओळीने पांढरे गणपती, काहींना डोळे, बहुतेकांना नाहीत. काका एकदम शेवटी, भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि पॉलिशपेपरने मूर्तींच्या पाठी घासत होते. चेहरे नाही, हात नाही, पाठी. बाकीच्या चौघांपैकी कोणीतरी गावात सांगितलं होतं की म्हात्र्याने दुबईत आख्खी फौज उलटी केली, म्हणून हाकलला. कारखान्याच्या शेठने मला दारातच हसत हसत ऐकवलं, "ज्याला उजवं-डावं कळत नाय, त्याच्या हातात सोंड कोण देणार हो?" तेरा वर्षं.

मी कागद लिहून नेला होता. झालेली चूक म्हात्रेंची नव्हती, गैरसमजातून त्यांचं नाव गेलं, खाली माझी सही. काकांनी मला ओळखलं. लगेच नाही, पण ओळखलं. "बाय ना तू?" मी कागद वाचून दाखवला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"गैरसमज कुठला?" ते म्हणाले. "तुला समजलं होतं."

"हो."

"मग तसं लिहायचं ना. आणि हा कागद घेऊन मी दारोदार फिरू? तू भाषणं करतेस म्हणतात. इथं बोल की. माणसं आहेत."

शेडमध्ये दहाबारा जण होते, आणि शेठ. मी मैदानात पाचशे माणसांपुढे बोलले आहे. इथे मी आधी हातातल्या कागदाची घडी घातली. मी म्हणाले की छाप ऑफिसातून उलटा आला होता, काकांनी तो चौथ्या पट्टीला ओळखला होता आणि सांगितलाही होता. तपासणीला आलेल्या माणसापुढे त्यांनी खरं तेच सांगितलं, पण इंग्रजीत सांगताना मी खोटं बोलले, म्हणून त्यांचं नाव गेलं. चूक माझी. कोणी ब्रश खाली ठेवला नाही. पंखे फिरत होते. शेठ म्हणाला, "बरं. असंय होय. बसा ना मॅडम, चहा सांगतो."

मला हलकं वाटलं. मी खुर्चीकडे वळलेही.

"छाप उलटा कोणी काढला?" काकांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं. "ते राहिलं. तेव्हा पण तेच राहिलं होतं."

चहा आला. शेठने कप माझ्यासमोर धरला होता; तो मी घेतला नाही. परत शेडच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी बटण दाबलं होतं, त्यांना वेळेत कळलं होतं, आणि त्यांनी चालू ठेवा म्हटलं होतं. नाव पूर्ण सांगितलं, आडनावासकट. आडनाव माझंही तेच आहे.